चित्र झाकलं तेव्हा

लेक पहिलीत होती तेव्हाची गोष्ट, २०२२ चा हिवाळा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसमधल्या आमच्या घरात ती सोफ्यावर बसून घडाघडा इंग्रजी पुस्तक वाचत होती. 'रॅबिट' लिहिलं होतं, ती 'बनी' म्हणाली. मी चित्रावर हात ठेवला. ती थांबली. "आई, हात काढ ना, मग मी वाचू कशी?"

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. बाई फार मायाळू. अडलं की चित्र बघायचं, पहिलं अक्षर बघायचं, काय शोभेल ते म्हणून पाहायचं, असं त्या शिकवत होत्या. त्यांनाही तसंच शिकवलं गेलं होतं. त्यांच्यावर माझा राग नाही, पद्धतीवर आहे.

कारण तीच मुलगी मिरजेच्या आजीकडून व्हिडिओ कॉलवर बाराखडी शिकत होती. क ला काना का. चित्राशिवाय लिहिलेलं 'कमळ' तिने अडखळत, पण खरंखुरं वाचलं. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी ४४ च्या आसपास, म्हणजे तिथे तर एकेक ध्वनी हाताला धरून शिकवायला हवा. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी घरीच ते केलं. ज्यांच्या आईला दोन नोकऱ्या आहेत, त्या मुलांचं काय?

जुलै २०२३ मध्ये ओहायोचे गव्हर्नर डिवाइन यांनी राज्याच्या अर्थसंकल्पावर सही केली, त्यातच शाळांनी वाचन कसं शिकवायचं याचा कायदा होता. २०२४-२५ पासून शाळांनी राज्याने मान्य केलेलीच वाचनाची पुस्तकं वापरायची. अंदाजाने शब्द ओळखायला लावणारी 'थ्री-क्यूइंग' पद्धत, काही सवलती सोडल्या तर, बंद. वाचून मला रडू आलं.

पण पैशांची वाटणी बघा. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला ८ कोटी ६० लाख डॉलर, पुस्तकांना ६ कोटी ४० लाख आणि शाळेत जाऊन शिक्षकांना मदत करणाऱ्या कोचना १ कोटी ८० लाख. मिसिसिपीने २०१३ च्या कायद्यानंतर असे कोच थेट मागे पडलेल्या शाळांमध्ये पाठवले. चौथीच्या वाचनात ते राज्य तेव्हा देशात ४९ वं होतं, २०२४ मध्ये ९ वं आलं. तिसरीत नापास मुलाला मागे ठेवण्याचा त्यांचा नियम मला पटत नाही. ओहायोने २०२३ मध्ये तो निर्णय पालकांच्या हाती दिला, ते बरं केलं. कोच मात्र हवेच आहेत. वीस वर्षांची सवय दोन दिवसांच्या प्रशिक्षणाने जात नाही, बाजूला बसून कुणीतरी दाखवावं लागतं.

शाळा मंडळाच्या सभेत पालकांना तीन मिनिटं मिळतात. पुढच्या सभेसाठी मी नाव दिलंय. आमच्या शाळेला कोच कधी, एवढंच विचारणार आहे.