समुद्राखालचं पात्र, मुक्काम सावदा

सुट्टीला सावद्यात आलोय, लॅपटॉप अर्थात सोबतच. आज कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या सिस्मिक डेटाचा (ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींवरून काढलेलं जमिनीच्या पोटातलं चित्र) आडवा काप उघडला, तर नागमोडी पात्र! आबा मागून डोकावले. "तापी का रे भो?"

नाही आबा. बंगालच्या उपसागराच्या तळाखाली गाडलेलं, लाखो वर्षांपूर्वीचं. नदीनं नाही, समुद्राच्या उतारावरून घसरलेल्या वाळू-गाळाच्या लोंढ्यांनी कोरलेलं.

नुसत्या चित्राला मी भुलत नाही. मला हवी वाळू, आणि पात्र चिखलानंही भरलेलं असतं. म्हणून तिथं खोदलेल्या विहिरीचा गॅमा-रे लॉग, म्हणजे खडकांच्या नैसर्गिक किरणोत्साराची खोलीनुसार नोंद, बघायचा. वाळूत आकडा बहुधा उतरतो, शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या खडकात, चढतो. आबांना लगेच पटलं. केळीत बोअर मारताना तेही वर आलेला गाळ चोळूनच थर सांगतात.

"मग पाणी लागतं तिथं?"

गॅस, आबा. २००२ मध्ये त्याच खोऱ्यात, अशाच वाळूत सापडला.

"तरी सिलेंडर एवढा महाग?"