काटा-सुरीचा रकाना

शाळेने पाठवलेल्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, मूल सुरीने मऊ पदार्थ कापतं का? काट्याने टोचून खातं का? उत्तरं चार: नेहमी, बहुतेक वेळा, कधी कधी, कधीच नाही. मी प्रामाणिकपणे ‘कधीच नाही’वर खूण केली. मग अहवाल आला आणि त्यात आमचे चिरंजीव स्वतःची कामं स्वतः करण्यात वयाच्या मानाने मागे ठरले.

मागे? हा मुलगा भाकरीच्या तुकड्याला खोलगट घडी घालून शेवभाजीचा रस्सा उचलतो. तर्रीचा थेंब बाहीवर पडत नाही. अमेरिकेत कोलंबस शहरातल्या त्याच्या वर्गातल्या कुठल्याही पोराला बसवा आमच्या ताटावर, बघू कोण मागे पडतं ते! वरण-भाताचा घास बोटांच्या टोकांनी बांधायचा, अंगठ्याने पुढे ढकलायचा, तळहात कोरडा ठेवायचा, हे काय आपोआप येतं? पण त्याला रकाना नाही. रकाना काट्याला आहे. दोन रात्री मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. तो म्हणाला, सोडून दे. त्याचं सगळ्यावर तेच उत्तर असतं.

हा फॉर्म मुळात का आला, ते सांगते. चिरंजीव तिसरीत आहेत. तोंडी विचाराल ते धडाधडा सांगतात, ज्वालामुखीपासून क्रिकेटपर्यंत. लिहायला बसले की संपलं. अर्धी अक्षरं रेघेच्या वर, अर्धी खाली, पेन्सिल इतकी दाबून धरायची की कागद फाटतो, आणि चार ओळींत हात दुखायला लागतो. वर्गशिक्षिकेने हे टिपलं आणि शाळेने आमच्याकडे लेखी संमती मागितली, मुलाची तपासणी करू का म्हणून. त्या वेळी सासूबाई इथे होत्या. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, “मना नातू येडा नही शे.” शाळेचंही तेच म्हणणं होतं, फक्त त्यांना ते सांगायला बरीच पानं लागली.

तपासणीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या, म्हणजे लिहिणं, जेवणं, कपडे घालणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञ. मला वाटलं, वही बघतील, अक्षर बघतील. त्यांनी आधी पाय बघितले. खुर्ची उंच, पाय लोंबकळत, म्हणून पोरगं खुर्चीच्या दांड्याला पाय गुंडाळून बसायचं. धड स्थिर नसेल तर निम्मी ताकद नुसतं बसण्यात जाते, मग हाताला काय उरणार? पायाखाली पाट आला, टेबलावर उतरती फळी आली. भिंतीवर कागद लावून उभ्याने लिहायला लावलं, कारण तसं लिहिताना मनगट आपोआप मागे वळतं आणि खांद्याला काम पडतं. लांब पेन्सिल काढून बोटभर तुकडा दिला. तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांनीच धरावा लागतो. आकृत्या बघून उतरवायला दिल्या, सोप्यापासून अवघडाकडे, आणि डोळ्याला दिसतं ते हाताने कुठवर उतरतं हे मोजलं. अक्षराचा आकार आठवणं, स्पेलिंग आठवणं, पेन्सिल सांभाळणं, रेघ सांभाळणं, यातलं काहीच हाताला सवयीचं झालं नसेल तर विचाराला जागा राहत नाही. याला डिसग्राफिया म्हणतात. आळस, हट्ट, ‘लक्षच देत नाही’ ही सगळी नावं मी आयुष्यभर ऐकलेली, त्यात हे नाव नव्हतं.

मग बैठक. टेबलाभोवती वर्गशिक्षिका, विशेष शिक्षिका, मानसशास्त्रज्ञ, थेरपिस्ट, शाळांच्या जिल्हा कार्यालयाचा माणूस, आणि आम्ही दोघं. मराठी दुभाषा हवा का, हेही आधी विचारलं होतं. एका पोराच्या अक्षरासाठी एवढी माणसं! आमच्या पारोळ्यात एवढी सोयरिकीला जमतात. इथल्या पद्धतीप्रमाणे पहिली दहा मिनिटं मुलाचे गुण सांगण्यात गेली. ते ऐकून बरं वाटलं हे कबूल, पण थोडं अतीच झालं.

माझी पाळी आल्यावर मी काट्याचा विषय काढला. नवऱ्याने टेबलाखालून पाय दाबला. मी भाकरीची घडी हाताने करून दाखवली. थेरपिस्टबाईंनी ती शांतपणे पाहिली, पुन्हा करायला सांगितली, आणि म्हणाल्या, ही हालचाल बोटांच्या कामात मोडते, त्याला हे येतं हे मला माहीत असायला हवं होतं. अहवालात त्यांनी तिथेच वाक्य घातलं की घरी हाताने जेवण्याची रीत आहे, म्हणून हा प्रश्न या मुलाला लागू नाही. माझा राग निम्मा उतरला. निम्मा आहे अजून, कारण छापील फॉर्म तोच आहे आणि पुढच्या देशी आईकडे तोच जाणार.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिका म्हणजे ना! थांबा. बुटाची नाडी आणि शर्टाची बटणं यांचं काय, असं मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की शाळेतली थेरपी शाळेतल्या अभ्यासाला आणि कामांना जे लागतं तेवढ्यापुरती. बाकीचं बाहेरच्या क्लिनिकमध्ये, तिथे इन्शुरन्सशी तुमचं तुम्ही भांडा. शिवाय नुसतं अक्षर वाईट म्हणून ही थेरपी मिळत नाही. आधी मूल विशेष शिक्षणाला पात्र ठरायला हवं आणि त्या शिक्षणासाठी थेरपीची गरज दाखवता यायला हवी. कागद तर विचारूच नका. संमतीचा वेगळा, नोटिशीचा वेगळा, पालकांच्या हक्कांची पुस्तिका वेगळी. दरवर्षी आढावा, तीन वर्षांनी पुन्हा तपासणी.

आणि हे इथल्या लोकांच्या चांगुलपणातून आलेलं नाही. १९७५ पूर्वी या देशात दहा लाखांहून जास्त अपंग मुलं शाळेबाहेर होती, काही राज्यांत कायद्यानेच. पेन्सिल्वेनिया आणि वॉशिंग्टन डीसीतले पालक कोर्टात गेले, १९७२ मध्ये निकाल लागले, तेव्हा कुठे अपंग मुलांच्या शिक्षणाचा १९७५ चा कायदा झाला. केंद्र सरकार जादा खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलेल असं त्या कायद्यात म्हटलं होतं, आजपर्यंत तेवढा कधी उचललेला नाही. म्हणजे आश्वासनं इथेही आपल्यासारखीच. पण संमतीची सही झाल्यावर साठ दिवसांत तपासणी पुरी करायची, हे शाळेवर बंधन आहे, आणि ते पाळताना मी पाहिलं. आम्ही व्हिसावरची माणसं, पण आमचा व्हिसा कुणी विचारला नाही आणि एक पैसा मागितला नाही.

ही थेरपीही काही इथली मक्तेदारी नाही. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९५० सालीच तिचं शिक्षण सुरू झालं. सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर, मूळच्या अमेरिकन, मराठी घरात लग्न करून आलेल्या. बाई अमेरिकेतून विद्या घेऊन परळला पोचल्या, पण परळहून पारोळ्यापर्यंतचा रस्ता पाऊणशे वर्षांत कुणी धड केला नाही. कायदा आपल्याकडेही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातली अशी अडचण, आहे, आणि ती लवकर ओळखण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. महाराष्ट्रात दहावीला जादा वेळ, लेखनिक या सवलती त्याच्याही कितीतरी आधीपासून आहेत. पण सवलत दहावीला आणि हाताचं दुखणं पहिलीला, मधल्या नऊ वर्षांत पोराने काय करायचं? मार खायचा.

हे मी धाकट्या भावाला फोनवर ऐकवलं. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तो चिडला. “ताई, माझ्याकडे दोन वर्ग एकत्र आहेत. त्यात बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशोब. विशेष शिक्षक येतात, पण त्यांच्याकडे किती शाळा आहेत माहीत आहे का? मी कुणाचे पाय बघू?” मला उत्तर सुचलं नाही. तिथून निघून येऊन बोलणं सोपं असतं, हे त्याने म्हटलं नाही, मीच ऐकलं. पण आठवड्याने त्याने फोटो पाठवला. वर्गातल्या दोन पोरांना भिंतीवरच्या फळ्यावर उभ्याने लिहायला लावलं होतं आणि एकाच्या पायाखाली विटा होत्या.

तोच फोटो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आणि लगेच सुरू झालं, हे तर आपल्या आज्या पूर्वीपासून करून घेत होत्या, कणिक मळणं, शेंगा फोडणं, मेथी निवडणं, लाकडी बडगीत भरीत ठेचणं. थेरपिस्टबाईंनीही घरी कणिक मळायला द्या म्हणून सांगितलं आहे, ते खरं. सासूबाई गावी परत जाईपर्यंत रोज गोळा त्याच्याकडे असायचा. पण आज्यांनी हे करून घेतलं ते मुलींकडून. माझ्या भावांनी कधी मेथीची जुडी सोडलेली मला आठवत नाही. आणि कणकेने सगळं भागलं असतं तर आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी अक्षरावरून छड्या का खाल्ल्या असत्या?

नवऱ्याला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं, चांगलं होतं. आम्ही नाही म्हटलं. घरी सगळ्यांना वाटतं, डॉलर. पुण्यात ही थेरपी मिळते, मी चौकशी केली आहे, फी आम्हाला परवडली असती. पण तिथे संध्याकाळी क्लिनिकला न्यायचं आणि सकाळी शाळेत पुन्हा ‘वही पूर्ण कर’ सुरू. इथे थेरपिस्ट वर्गात येऊन त्याच्या बाकाशी बसते, शिक्षिकेला तिचं ऐकावं लागतं, आणि लांब उत्तरं तो टाइप करतो. निदान पाचवीपर्यंत तरी मला हे मोडायचं नाही.

सासूबाईंना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते खरं कारण म्हणजे आम्ही इथे घर घेतलं. तेही आहेच.