दिवा विझलेला, व्हॉल्व्ह मात्र चालूच

काही वर्षांपूर्वी भोसरीच्या एका कारखान्यात मी देखभाल विभागात असताना, रात्रपाळीत पॅकिंग मशीनचा सिलिंडर पुढे गेला आणि तिथेच अडकून राहिला. पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक. त्याच्या रिले आउटपुट मोड्यूलवर, म्हणजे हुकुमानुसार बाहेरची वीज चालू-बंद करणाऱ्या कार्डावर, त्या आउटपुटचा दिवा विझलेला होता, त्यामुळे तासभर आम्ही सिलिंडर हलवणाऱ्या व्हॉल्व्हलाच दोष देत बसलो. अखेर वायरमनने व्हॉल्व्हच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला, तर तिथे पूर्ण २४ व्होल्ट! मोड्यूलवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकताच आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि सिलिंडर मागे सरकला.

रिले म्हणजे कॉइलच्या चुंबकाने मिटणारा-उघडणारा स्विच; त्याचे मिटणारे टोक म्हणजे कॉन्टॅक्ट. तो दिवा रिलेच्या कॉइलला मिळालेला हुकूम दाखवतो. कॉन्टॅक्ट खरोखर उघडला की नाही, हे त्याला ठाऊकच नसते. व्हॉल्व्ह हलवणारा सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबक, बंद होताना त्याच्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा मोठ्या उलट्या व्होल्टेजच्या रूपाने बाहेर पडते आणि उघडणाऱ्या कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पेटते. ५० हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येत असल्याने तिथली ठिणगी विझायला वाव मिळतो; डीसीत ती सवलत नाही. म्हणूनच २ अँपिअरच्या मोड्यूलवर एसीची मर्यादा २५० व्होल्ट, तर डीसीची जेमतेम ३० व्होल्ट लिहिलेली आढळते. ठिणग्यांनी खडबडीत झालेला आमचा कॉन्टॅक्ट त्या रात्री मिटला तो चिकटूनच बसला.

खरी चूक मात्र निवडीची होती: सतत चालू-बंद होणारा व्हॉल्व्ह आम्ही रिलेवर जोडला होता. दर ६ सेकंदांना एकदा म्हणजे दोन पाळ्यांत ९,६०० वेळा. अशा रिलेचे यांत्रिक आयुष्य साधारण १ कोटी वेळांचे आणि पूर्ण लोडवरचे विद्युत आयुष्य १ लाख वेळांचे असते. आमचा व्हॉल्व्ह जेमतेम ०.२ अँपिअर घेत असल्याने लाखाचा आकडा त्याला तसाच लावता येत नाही, पण लोड काढून टाकला असता तरी हा रिले तीन-साडेतीन वर्षांत थकलाच असता. शिवाय मोड्यूलमधले रिले कार्डावर सोल्डर केलेले असतात, त्यामुळे एका कॉन्टॅक्टपायी अख्खे मोड्यूल बदलावे लागते.

तरीही रिले आउटपुटला मी नावे ठेवणार नाही. २३० व्होल्टची कॉन्टॅक्टर कॉइल, भोंगा, शेजारच्या मशीनला द्यायचा कोरडा (स्वतःचे व्होल्टेज नसलेला) कॉन्टॅक्ट, अशी सरमिसळ कॉमन (पुरवठ्याची सामाईक टर्मिनले) वेगळे ठेवून एकाच मोड्यूलवर बसते. हलता कॉन्टॅक्ट नसलेल्या ट्रान्झिस्टर आउटपुटला ते जमत नाही. फक्त चिकटलेला कॉन्टॅक्ट प्रोग्रामचे ऐकत नाही, म्हणून आपत्कालीन बटणाने आउटपुटचा पुरवठाच तोडायला हवा.

तो व्हॉल्व्ह आम्ही ट्रान्झिस्टर आउटपुटवर हलवला आणि त्याच्या कॉइलवर उलटा डायोड बसवला, म्हणजे साठलेल्या ऊर्जेला ठिणगी न पाडता ओसरायला वाट मिळते. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरची तक्रार आली, की सिलिंडर परतायला किंचित उशीर होतो. डायोडमुळे कॉइलमधला प्रवाह सावकाश ओसरतो, त्याचाच तो परिणाम होता. प्रोग्राममधला टायमर जरासा वाढवून ते निभावले.