भाडेवाढीचा निवाडा आणि २८ दिवसांची मुदत

पश्चिम लंडनमधील माझ्या दुकानाच्या भाडेपट्ट्यात दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरआढावा घेण्याची अट आहे, आणि इथल्या असंख्य पट्ट्यांप्रमाणे त्यातही भाडे वाढू शकते, उतरू शकत नाही. जागामालकाशी आकडा जुळला नाही, म्हणून एक चार्टर्ड सर्व्हेअर, म्हणजे मालमत्तेचे मूल्यांकन करणारे तज्ज्ञ, वाद सोडवणारे त्रयस्थ लवाद म्हणून नेमले गेले आणि दोन्ही बाजूंनी लेखी म्हणणे सादर केले. इथवर तक्रारीला जागा नव्हती.

मनस्ताप सुरू झाला तो निवाडा तयार झाल्यावर. तसे कळवणाऱ्या पत्रातच फी भरल्याशिवाय प्रत मिळणार नाही असे लिहिले होते, आणि इंग्लंडच्या १९९६ च्या लवाद कायद्याचे कलम ५६ लवादांना हा अधिकार देते. माझा अर्धा वाटा मी तत्काळ भरला. जागामालकाकडून मात्र काहीच हालचाल होईना, आणि पूर्ण रक्कम जमा झाल्याखेरीज लवादांचे कार्यालय एक पानही दाखवायला तयार नव्हते. फोन केला की ‘दुसऱ्या बाजूची वाट पाहत आहोत’ एवढेच उत्तर मिळे. केवळ विलंबाचा प्रश्न असता तर मी तो सोसला असता. पण कलम ७० प्रमाणे निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाण्याची मुदत २८ दिवसांची आहे आणि ती निवाड्यावरील तारखेपासून मोजली जाते, प्रत हाती पडल्यापासून नव्हे. पुण्यात वकिली करणारा माझा मेहुणा धीर देत होता, ‘‘दाजी, हाताशी तीन महिने आहेत.’’ भारतातील कायद्यापुरते ते खरे आहे. तिथे कलम ३४ खाली तीन महिने मिळतात, आणि तेही पक्षकाराला निवाड्याची प्रत मिळाल्यापासून. भारताचा कायदाही १९९६ चाच, तरी या बाबतीत तो पक्षकाराशी कितीतरी न्यायाने वागतो. जो कागद वाचायलाच मिळालेला नाही, त्याच्याविरुद्धची मुदत संपत राहावी, हे मला आजही पटत नाही. अखेर सगळी फी मीच भरली. लवादांच्या फीसाठी दोन्ही पक्ष एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतात, त्यामुळे दुसऱ्याचा वाटा नंतर खर्चाच्या हिशेबात मागता येतो. म्हणून माझा आग्रह आहे की पत्र येताच पूर्ण रक्कम भरून निवाडा सोडवून घ्यावा आणि वाट्याचा वाद मागाहून घालावा.

निवाडा वाचल्यावर संताप आला, पण मार्गही दिसला. इथे दुकानाचे भाडे ‘झोन ए’च्या दराने मोजतात, म्हणजे दर्शनी भागातील पहिल्या वीस फुटांना पूर्ण दर आणि त्याच्या लगेच मागच्या भागाला निम्मा. हा दर ठरवताना लवादांनी शेजारच्या रस्त्यावरील असा एक व्यवहार आधाराला घेतला होता, जो दोघांच्याही कागदपत्रांत नव्हता आणि ज्याबद्दल आम्हाला विचारलेही नव्हते. निव्वळ ‘आकडा फार आहे’ म्हणून न्यायालय हात घालत नाही. कलम ६८ खाली गंभीर अनियमितता आणि तीमुळे झालेला ठळक अन्याय, दोन्ही दाखवावे लागतात. चेकपॉइंट विरुद्ध स्ट्रॅथक्लाइड पेन्शन फंड या २००३ च्या खटल्यात भाडेकरू हरला होता, कारण लवादाला बाजाराचा स्वतःचा अनुभव वापरण्याची मुभा असते. त्यामुळे आमच्या सॉलिसिटर बाईंनी सारा भर एकाच मुद्द्यावर ठेवला: हा सर्वसाधारण अनुभव नसून विशिष्ट पुरावा आहे, आणि त्यावर बोलण्याची संधी आम्हाला मिळायला हवी होती. न्यायालयाने हे मान्य करून निवाडा त्याच लवादांकडे फेरविचारासाठी पाठवला. त्या व्यवहारात भाडेकरूला सुरुवातीला दिलेली भाडेमाफी आम्ही पुढे मांडल्यावर दर उतरला, याचे मला मनापासून समाधान आहे.

दरम्यान जुने भाडे दर तिमाहीला वेळेवर भरत राहावे आणि फरकाची रक्कम बाजूला ठेवावी, कारण वाढीव भाडे फेरआढाव्याच्या तारखेपासून, बहुधा व्याजासह, द्यावे लागते. निवाड्यात हिशेबाची चूक असेल तर आधी कलम ५७ खाली लवादांकडेच दुरुस्ती मागावी. तो मार्ग न वापरता गेल्यास न्यायालय दाद देत नाही. आणि पट्ट्यावर सही करण्यापूर्वीच एक गोष्ट पाहावी: वाद ‘स्वतंत्र तज्ज्ञा’कडे जाईल असे लिहिले असेल, तर तो तज्ज्ञ लवाद ठरत नाही आणि कलम ६८ लागूच होत नाही.