कव्हरवरचा कागद

एलपीचं, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डचं कव्हर म्हणजे जवळपास बारा इंच लांब न् तेवढंच रुंद, मांडीवर घेतलं की मांडी भरून जायची. मोबाईलवर गाण्याच्या बाजूला जो नखाएवढा फोटो येतो ना, त्याच्यावर कोणी भांडत नाही, भांडायला चित्र निदान दिसावं तर लागतं. आणि मुळात रेकॉर्डवर चित्र असायचंच असं काही नव्हतं, आधी सगळ्या तबकड्या साध्या मातकट कागदात यायच्या, मग अमेरिकेत कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाचा विशीतला पोरगा लागला आणि 1940 च्या आसपास त्याने कव्हरवर चित्रं काढायला सुरुवात केली, माल धडाधड खपला, आणि मग बाकीच्यांनीही तेच धरलं.

आमच्या वर्धेकडच्या गावात हे प्रकरण पोचलं ते मामाच्या पत्र्याच्या पेटीतून. मामाचा मंडप आणि भोंग्याचा धंदा, लगनसराईत बंडीत गादी टाकून त्यावर मशीन, भोंगे आणि ती पेटी. गाणी मामा वाजवायचा, कव्हरं मात्र आमच्या हातात, फडक्याने पुसून द्यायची हे पोट्ट्यांचं काम. विदर्भातला मे महिना, रेकॉर्ड उन्हात राहिली की वाकडी झालीच समजा, मग नवरीच्या बिदाईचं गाणं असं हेलकावे खायचं की रडणारी माणसं मधेच हसायची. शोलेच्या डायलॉगची एलपी तर एवढी घासली होती की गब्बरला सर्दी झाल्यासारखं वाटायचं.

तर त्या पेटीत एका कॅबरेवाल्या सिनेमाची रेकॉर्ड होती, कव्हरवर बाई होती आणि बाईच्या अंगावर कपडा बेताचाच होता. गाण्याला मागणी भरपूर, नवरदेवाचे मित्र तेच मागायचे, पण ते कव्हर मंडपात म्हाताऱ्याकोताऱ्यांपुढे ठेवायचं कसं? मामाने खळ केली आणि बाईवर कॅलेंडरातले गजानन महाराज चिकटवले. झालं. आता मशीनपाशी महाराज चिलीम घेऊन बसलेले आणि भोंग्यातून कॅबरे. कोणालाच काही वावगं वाटलं नाही, उलट एका आजीबाईंनी येऊन कव्हराला हात जोडले. आम्हा पोट्ट्यांना मात्र खाली काय आहे ते माहीत होतं, त्यामुळे कोपरा ओला करून नखाने उकरायचा उद्योग चालू असायचा, आणि मामा दुरून ओरडायचा, "काऊन बे, महाराजायले काऊन कुरतडून राह्यला?"

हे सगळं मला आठवलं बीटल्स या इंग्लंडच्या चौघांच्या बँडच्या खाटीक कव्हरबद्दल वाचताना. 1966 चा जून, अल्बमचं नाव 'यस्टर्डे अँड टुडे', फोटो रॉबर्ट व्हिटेकरचा, चौघं पांढरे कोट घालून बसलेले, अंगावर मांसाचे तुकडे आणि मुंडकी तोडलेल्या बाहुल्या. दुकानदार भडकले, त्यांची रेकॉर्ड काढणाऱ्या अमेरिकेतल्या कॅपिटल कंपनीने माल परत बोलावला, आणि मग छापलेली कव्हरं वाया कशाला घालवा म्हणून त्यावर दुसरा कागद चिकटवला, पेटीभोवती बसलेले चार सभ्य पोरं. म्हणजे अगदी मामा! पुढे लोकांनी वाफ देऊन देऊन तो कागद सोलला, आणि आज कागदाखाली खाटीक असलेली प्रत साध्या प्रतीपेक्षा कितीतरी महाग जाते.

बीटल्समधलाच जॉन लेनन आणि त्याची जोडीदारीण योको ओनो यांनी तर 1968 मध्ये 'टू व्हर्जिन्स' या रेकॉर्डवर स्वतःचा अजिबात कपडे नसलेला फोटो टाकला, ती रेकॉर्ड अमेरिकेत वह्यांना घालतो तशा खाकी कागदात विकली, तरी न्यू जर्सीत पोलिसांनी तीसेक हजार प्रती जप्त केल्याच. आणि रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या इंग्रजी बँडच्या 'स्टिकी फिंगर्स'वर, 1971 साली, अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराच्या कल्पनेने जीन्सच्या फोटोला खरी चेन लावली होती, वर-खाली होणारी. लोकांना त्यात अश्लील दिसलं, पण मला मामाच्या बाजूने त्यातली खरी अडचण दिसते, थप्पी लावली की चेन वरच्या रेकॉर्डला रुतायची. मग उपाय काय, तर चेन अर्धी उघडी करून पाठवायची, म्हणजे दाब मधल्या लेबलवर येईल.

पण माझ्या डोक्यात अडकून बसलंय ते बीटल्सच्याच 'सार्जंट पेपर' या अल्बमचं कव्हर. 1967, पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांचं काम, बीटल्सच्या मागे नामांकित लोकांची ही गर्दी. त्यात गांधीजी होते. फोटोही निघाला. पण बीटल्सच्या रेकॉर्ड काढणाऱ्या लंडनच्या ईएमआय कंपनीचे मोठे साहेब जोसेफ लॉकवूड म्हणाले की हे चालणार नाही, हिंदुस्थानातले लोक दुखावतील, आणि गांधीजी फोटोतून रंगवून पुसले गेले. (एका अमेरिकन नटालाही पुसलं, पण त्याने 400 डॉलर मागितले होते म्हणून, ते एक वेळ समजू शकतं.) लाहिरी महाशय, योगानंद वगैरे चार योगी मात्र राहिले. आता आमचं गाव सेवाग्रामहून फार लांब नाही, इथे गांधीबाबा नोटेवर, शाळेच्या भिंतीवर, किराणा दुकानाच्या पिशवीवर, कुठेही असतात, बँडवाल्यांच्या मागे उभे दिसले असते तर आमच्याकडे कोणी फार तर विचारलं असतं की हे बाजूचे कोण. आम्ही दुखावणार हे लंडनच्या साहेबाने ठरवलं, आम्हाला विचारलंच नाही.

आणि गंमत बघा, त्याच वर्षी जिमी हेंड्रिक्स या अमेरिकन गिटारवाल्याच्या 'अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह' या अल्बमवर विष्णूचं विश्वरूप आलं, आपल्या देवघरातल्या फोटोसारखं हुबेहूब, फक्त मधे हेंड्रिक्स आणि त्याचे दोन साथीदार. कंपनी वेगळी, पण इथे कोणाला धाकधूक झाली नाही. हेंड्रिक्सला स्वतःलाच ते पटलं नव्हतं म्हणे, त्याच्या वंशात अमेरिकेतले मूळनिवासी होते, ते दाखवलं असतं तर बरं, असं त्याचं म्हणणं.

मागच्या दिवाळीत ते कव्हर मी मामीला मोबाईलवर मोठं करून दाखवलं. तिने चष्मा लावला, आधी सवयीने हात जोडले आणि मग म्हणाली, "देव तं आपलाच हाय, पन मधात हे झिपरे कोन घुसले?"

"इंग्रजी गाणेवाले हायेत मामी."

"तुया मामा असता तं त्यानं कागद चिकटवला असता."

"कोणावर, देवावर?"

"देवावर कोन चिकटवते बे! त्या झिपऱ्यायच्या तोंडावर."