एका हाताचा पुशअप आणि अंग आवळण्याचं कसब

बसल्या जागी एक करून बघा. उजव्या हाताची मूठ हलकेच मिटा आणि हळूहळू आवळत न्या. आधी मनगट ते कोपर हा भाग ताठ होतो, मग दंड. बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत आवळलीत की खांदा आणि काखेजवळची छातीही कडक होते. डाव्या हाताने चाचपलंत तर लगेच कळेल. एका स्नायूचा जोर शेजारच्या स्नायूंना असा जागं करतो. १९३२ चं नोबेल मिळालेले चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्रतिक्षिप्त क्रियांच्या अभ्यासात हे पसरणं नोंदवलं होतं.

वजनं न उचलता ताकद कमवायची, तर हे कसब शिकावंच लागतं. सलग पन्नास पुशअप मारता यायला लागले की पुढे वाढतो तो मुख्यतः दम. तालमीतल्या शेकड्याने मारलेल्या जोर-बैठकांची किंमत मोठीच आहे, पण ते काम वेगळं. ताकदीसाठी व्यायाम इतका अवघड हवा, की पाच-सहाच्या पुढे जाताच येऊ नये.

त्यासाठी एका हाताचा पुशअप उत्तम. हिशोब बघा. साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भाग हातांवर येतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या एकेका हातावर २२-२३ किलो. एक हात काढला की दुसऱ्यावर थेट ४५. ही उडी एका दमात झेपत नाही. हात ६० सेंटिमीटर उंचीवर टेकवले तर हा भार ४१ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणून सुरुवात स्वयंपाकाच्या ओट्यापासून करा. मग पलंगाची कड, मग जिन्याची पायरी, शेवटी जमीन. टेकण हलणारं नको. खुर्ची घेतलीत तर ती भिंतीला लावून ठेवा.

पाय खांद्यांपेक्षा बरेच रुंद. तळवा खांद्याच्या रेषेत टेकवा आणि पाची बोटांनी ओटा पकडल्यासारखा दाबा. मोकळ्या हाताची मूठ मांडीशी धरून घट्ट आवळा. कुल्ले आवळा, गुडघ्याच्या वाट्या वर खेचा, पोट असं कडक करा की कुणी गुद्दा मारणार आहे. नुसतं आत ओढलेलं पोट इथे कामाचं नाही. आता तळवा जागचा न हलवता बाहेरच्या बाजूला पिळल्यासारखा करा, म्हणजे कोपर आपोआप बरगड्यांकडे वळेल.

खाली येताना तीन सेकंद घ्या. अंग सोडून देऊ नका. काखेतल्या स्नायूंनी स्वतःला ओट्याकडे खेचत न्या. तळाशी एक सेकंद थांबा. बहुतेकांचा ताण इथेच सुटतो आणि मग खांदा कानाकडे चढतो. वर जाताना दातांतून ‘स्स्स’ असा थोडा थोडा श्वास सोडा. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास अजिबात कोंडू नये, आणि हा प्रकार डॉक्टरांना विचारूनच करावा. चेहरा, जबडा सैल राहू द्या. दात-ओठ खाण्याची गरज नाही.

कंबर फिरून मोकळ्या हाताची बाजू खाली झुकली, तर दोष हाताचा नाही, पोटाचा आणि कुल्ल्यांचा. पाय आणखी रुंद करा किंवा उंच टेकणावर परत जा. कोपर बाहेर फाकलं तर खांद्याच्या पुढच्या भागात दुखायला लागतं. मनगटात कळ येत असेल, तर भार तळव्याच्या टाचेवर साचतोय. बोटं दाबायची राहिली आहेत.

प्रत्येक हाताने तीन ते पाच वेळा, असे चार फेरे, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. ही विश्रांती लोकांना फुकट गेल्यासारखी वाटते आणि ते ती कापतात. कापू नका. दमलेला स्नायू पूर्ण ताकदीने आवळला जात नाही, आणि इथे सराव आवळण्याचाच आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेत. अजून एक-दोन सहज निघतील असं वाटत असतानाच थांबा. एका उंचीवर चारही फेऱ्यांत पाच-पाच निघाले, कंबर फिरली नाही आणि तळाचा एक सेकंद टिकला, की पुढच्या वेळी टेकण १५-२० सेंटिमीटरने खाली आणा. दोन्ही हात सारखे नसतातच, म्हणून सुरुवात कमजोर हाताने करा आणि दुसऱ्याने तेवढेच काढा, एकही जास्त नाही.