शंभर अँपिअरचा बोर्ड

गेमिंगचा भारी कॉम्प्युटर जुळवायचा म्हटलं की आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद मदरबोर्डावरून, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीवरून, होतात. ग्राफिक्स कार्डावर वाद नसतो, खिशाला झेपेल तेवढं मोठं घ्यायचं. प्रोसेसरही ठरलेलाच असतो. भाच्यानं एएमडीचा रायझन ७ ९८००एक्सथ्रीडी केव्हाच पक्का केलाय. बोर्ड मात्र स्वतः काहीच करून दाखवत नाही. वीस हजारांचा काढून पन्नास हजारांचा बसवला तरी गेममधले फ्रेम जवळपास तेवढेच. मग वरचे तीस हजार कशाचे, हे भाच्याच्या आईला सांगायची पाळी माझ्यावर येते.

भाच्याला विचाराल तर दिव्यांचे. काचेच्या केसमधून दिसेल तो बोर्ड चांगला, एवढाच त्याचा निकष. त्याला रॅमच्या चारही पट्ट्या हव्या आहेत, कारण दोन जागा मोकळ्या राहिल्या की म्हणे ‘दात पडल्यागत’ दिसतं. आता एएमडी स्वतः सांगते की या प्रोसेसरला डीडीआर५ च्या दोन पट्ट्या लावल्या तर ५६०० चा वेग आणि चार लावल्या तर ३६००. पैसे जास्त घालून वेग कमी करून घ्यायची ही युक्ती मला तरी पटत नाही. दोनच घ्याव्यात, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावाव्यात आणि दातांचं दुःख विसरावं.

खरी मजा दादा आला तेव्हा झाली. दादाचं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या कामात गेलेलं. कॉम्प्युटरशी त्याचा संबंध बिलापुरता. तो मोबाइलवरचा बोर्डाचा फोटो चष्मा वर करून बघत होता. प्रोसेसरच्या कडेनं लोखंडी ठोकळे कसले, म्हणाला. लोखंड नव्हे, अॅल्युमिनियमचे हीटसिंक, खालची उष्णता बाहेर टाकणारे. त्यांच्याखाली व्हीआरएम असतो. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला सोसत नाहीत, त्याला सव्वाएक व्होल्टच्या आसपास लागतात. ते खाली आणायचं काम या व्हीआरएमचं. कागदावर प्रोसेसर १२० वॅटचा, पण भर आला की १६२ पर्यंत ओढतो. दादानं मनातच भागाकार केला आणि ताडकन उठून बसला.

‘‘मर्दा, म्हणजे शंभराच्या वर अँपिअर! एवढ्यात आमची तीन एमएमची कांडी जळते की!’’

ढोबळ हिशेब आहे, पण खोटा नाही. वेल्डिंग मशीनला लागेल तेवढा करंट इथं तळहाताएवढ्या जागेतून, तेही तासन्‌तास, जातो. म्हणून बोर्ड घेताना मी आधी ते ठोकळे बघतो. खाली पॉवर स्टेज, म्हणजे हा करंट वाटून घेणारे भाग, किती, प्रत्येकाला किती अँपिअर झेपतं, हे कंपनीच्या पानावर मिळतं. एप्रिल-मेमध्ये शहापूरच्या माडीवर पंख्याखाली बसून खेळणाऱ्याला दिव्यांपेक्षा हे महत्त्वाचं. अर्थात या प्रोसेसरला मधल्या दर्जाचा व्हीआरएमही आरामात पुरतो, अठरा-वीस स्टेजचा थाट त्याच्यासाठी नाही.

दादाला आवडलेली दुसरी गोष्ट म्हणजे माप. एटीएक्सचा बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, आणि हे इंटेलनं १९९५ साली घालून दिलेलं. ‘‘तीस वर्षं ड्रॉइंग बदललं नाही?’’ त्याला विश्वासच बसेना. त्याच्याकडे पार्टी दर महिन्याला ड्रॉइंग बदलते.

सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, बाबतीत मात्र एवढी निष्ठा कुठं नाही. इंटेलचा १७०० पिनांचा सॉकेट २०२१ ला आला आणि २०२४ ला १८५१ चा आला. जुन्या बोर्डात नवा प्रोसेसर बसत नाही. एएमडीचा एएम५ २०२२ चा, आणि तो २०२७ पर्यंत तरी चालवू असं कंपनीनं म्हटलंय. आमच्याकडे एकदा घेतलेली वस्तू कॉलेज संपेपर्यंत चालायला हवी असते, त्यामुळे मी एएम५ च्या बाजूचा.

राहिला चिपसेट, म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप. बी८५० की एक्स८७०? एक्स८७० वर यूएसबी४ हे वेगवान पोर्ट सक्तीनं मिळतं आणि ग्राफिक्स कार्डाची पीसीआयई खाच पाचव्या पिढीची असते. खेळायला चौथ्या पिढीची खाच असली तरी फरक नखाएवढा. उलट काही बोर्डांवर त्या यूएसबी४ ला लागणाऱ्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, एसएसडी बसवायच्या दुसऱ्या एम.२ खाचेतून काढलेल्या असतात. काहींवर एम.२ च्या एका ठरावीक खाचेत एसएसडी लावला की ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेनच्या आठच उरतात. हे खोक्यावर कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही, मॅन्युअलमध्ये बारीक टायपात सापडतं. विकत घ्यायच्या आधी मॅन्युअल वाचणारा गिऱ्हाईक दुकानदाराला वेडा वाटतो, वाटू दे. पाठीमागे बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण आहे का तेही बघावं. जुन्या मालाच्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता आला नाही, तर पेनड्राइव्हवरून घरीच सुधारता येतं. नाहीतर ओळखीच्या कुणाचा तरी जुना प्रोसेसर मागत फिरा.

आणि अर्थिंग! वळवाचा पाऊस खानापूरच्या बाजूनं कडाडत आला की जुन्या घरात मी आधी प्लग काढतो, मागची लॅनची वायरही काढतो. कोळसा-मीठ घातलेला नीट खड्डा नसेल तर कुठलाही बोर्ड घेऊन उपयोग नाही. हे दादा भाच्याला माझ्याहून जोरात सांगत होता.

शेवटी बी८५० वर एकमत झालं. खडेबाजारात गेलो, तर दुकानदारानं आधी कन्नडमधून ‘‘बजेट एष्टु?’’ म्हणजे किती, असं विचारलं, मग मराठीत आला. तोच बोर्ड काळ्या रंगात संपलाय, पांढरा आहे, दीड हजार जास्त पडतील. मी दादाकडे बघितलं. भाच्यानं तोवर पांढऱ्याचं खोकं काउंटरवरून उचलून काखेत मारलं होतं.